सायबर सिक्युरिटीची वेगळी शाखा की साधं कॉम्प्युटर? सांगलीतून सल्ला हवाय

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत राहते, माहेर वाळव्याकडचं. लेक यंदा बारावी झाली. इंजिनिअरिंगची सीईटी बरी गेली, म्हणजे इथल्या वालचंद कॉलेजची आस धरावी इतकी चांगली नाही आणि डोक्याला हात लावून बसावं इतकी वाईटही नाही. तिच्या डोक्यात दहावीपासून एकच खूळ आहे, सायबर सिक्युरिटी. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात याच नावाची स्वतंत्र शाखा आहे. तिथल्या बाईंचा रोज फोन येतो, "मॅडम, शेवटच्या काही सीट उरल्यात, टोकन भरून ठेवा." इकडे कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, जिल्ह्यात नाहीतर कराड-साताऱ्याकडे साधं कॉम्प्युटर किंवा आयटी मिळेल असं दिसतंय.

यजमानांचं म्हणणं, घराजवळ शिकू दे, शाखेच्या नावाला काय चाटायचंय? लेकीचं म्हणणं, मग मला जे शिकायचंय ते शिकणार कधी? मी दोघांच्या मध्ये. मला यातलं काही कळत नाही, पासबुक भरून आणण्यापलीकडे माझा आणि कॉम्प्युटरचा संबंध नाही. शाखेच्या नावाने खरंच फरक पडतो का? मुलींनाही रात्रपाळी करावी लागते म्हणतात, ते कितपत खरं? आणि शिकून झाल्यावर आपल्या भागात यातलं काही काम असतं का, की पुणे-बंगळूर ठरलेलंच?

नेटवाला_मिरज

ताई, मी याच पट्ट्यात पतसंस्था, दवाखाने, कारखान्यांची ऑफिसं यांची नेटवर्क बसवतो. केबल ओढण्यापासून फायरवॉल (बाहेरची नको ती रहदारी अडवणारी यंत्रणा) लावण्यापर्यंत सगळं. माझं सांगणं एवढंच, की पोरीला आधी नेटवर्क येऊ दे. सिक्युरिटी त्याच्या मागून येते. उलट्या बाजूने शिकलेली पोरं मी बघतो, त्यांचे हाल बघवत नाहीत.

मागच्या पावसाळ्यातलं सांगतो. एका पतसंस्थेच्या मुख्य शाखेत सकाळी काउंटर उघडला आणि सगळं ठप्प. नवीन घेतलेला आयटीचा पोरगा, हॅकिंगचं सर्टिफिकेट फ्रेम करून टेबलावर ठेवलेलं, त्याने जाहीर करून टाकलं की हल्ला झालाय. साहेबांनी घाबरून इंटरनेटची वायरच उपटली. तरी काउंटर बंदच. मी गेलो आणि आधी रॅकचं दार उघडलं. स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा, त्याच्यावरचे झाडून सगळे दिवे एकाच तालात, दम न घेता लुकलुकत होते. म्हटलं हा हल्ला नव्हे, हा लूप. आदल्या संध्याकाळी झाडलोट करताना टेबलाखाली लोंबणारी वायर कुणीतरी नीट लावून ठेवली होती, म्हणजे तिची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटात खोचून ठेवली होती.

आता यात गंमत काय आहे बघा. आयपीच्या पॅकेटला, म्हणजे नेटवर जाणाऱ्या डेटाच्या पुडक्याला, टीटीएल नावाचा आकडा असतो. प्रत्येक राउटरवर तो एकाने घटतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतात. ऑफिसातल्या केबलवर हेच पुडकं इथरनेटच्या फ्रेममध्ये घालून जातं, त्या फ्रेमला असलं काही नाही. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेला निरोप, एकदा लूपमध्ये शिरला की फिरतच राहतो, दरवेळी त्याच्या नव्या प्रती निघतात, आणि बाकी कामाला जागाच उरत नाही. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच असता तर लूप ओळखणाऱ्या स्पॅनिंग ट्री या सोयीने त्यातलं एक पोर्ट आपसूक बंद केलं असतं. तिथे होता स्वस्तातला. वायर उपटली, काउंटर चालू.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला ढीगभर टूल शिकवली होती, स्विच नेमकं काय करतो ते कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या_वर्षाला

काकू, मी जवळच्याच एका कॉलेजात आयटीला आहे. आतली बातमी देतो.

पहिलं वर्ष कुठल्याही शाखेत जवळपास सारखंच असतं. गणित, फिजिक्स नाहीतर केमिस्ट्री, सी, थोडं इलेक्ट्रिकल. सायबर नाव बघून ज्यांनी लांब प्रवेश घेतला, त्या माझ्या मित्रांचा पहिल्याच सेमिस्टरला मूड गेला. त्यांना वाटलं होतं काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, आणि समोर आलं इंटिग्रेशन. नेटवर्क हा विषय येतो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. क्रिप्टोग्राफी त्याच्या पुढे. आमच्याकडे सिक्युरिटी इलेक्टिव्ह म्हणून घेता येते. वेगळ्या शाखेत तेच विषय जरा जास्त असतात, डिजिटल फोरेन्सिक वगैरे धरून. फरक आहेच, पण ब्रोशरवर दिसतो तितका नाही.

व्हायवाला ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम समजावणाऱ्या मांडणीचे, सात थर खालून वर, वरून खाली तोंडपाठ लागतात. सर झोपेतून उठवून विचारतील असं समजून पाठ करायचे. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांचे लहान गट पाडणं, मात्र खरंच डोक्यात बसवावं लागतं. /२६ म्हटलं की ६४ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, हाताशी उरले ६२. हे बोटांवर येत नसेल तर पुढचं प्रॅक्टिकल म्हणजे नुसती फाइलची कॉपी.

तिला आत्ता सुट्टीत वेळ असेल तर पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच नेटवर्कची नक्कल उभी करायचं सॉफ्टवेअर, घेऊ दे. सिस्कोच्या अकॅडमीत नाव नोंदवलं की फुकट मिळतो. नेटवर्कवरची पॅकेटं उघडून दाखवणारा वायरशार्क, तोही फुकट. लिनक्सची कमांड लाइन शिकायला ओव्हरदवायरवरचा बँडिट नावाचा खेळ आहे, तोही फुकट. एक-एक लेव्हल सोडवत जायची, उत्तरं शोधून टाकायची नाहीत.

आडवा_प्रश्न

सगळे गोडगोड बोलताय म्हणून मी जरा कडू बोलतो.

गल्लोगल्ली बोर्ड लागलेत, 'सहा महिन्यांत एथिकल हॅकर, शंभर टक्के प्लेसमेंट'. तसाच बोर्ड आता विद्यापीठांनी लावलाय, फक्त सहा महिन्यांच्या जागी चार वर्षं आणि फीला एक शून्य जास्त. फ्रेशरला पेनटेस्टिंगचं, म्हणजे परवानगीने सिस्टिममध्ये घुसून भोकं शोधायचं, काम फारसं कुणी देत नाही. आणि आता एआय आलंय, लॉग, म्हणजे यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी, वाचायचं पहिल्या पायरीचं काम तेच करणार. मग ही हजारो पोरं जाणार कुठे? नेटवर्क आधी, नेटवर्क आधी हे ठीक आहे, पण केबल ओढायला बीटेक कशाला? त्याला आयटीआय पुरतं.

नेटवाला_मिरज

@आडवा_प्रश्न, केबल ओढायला नको लागत बीटेक. केबल कुठे ओढायची नाही हे कळायला थोडं शिकावं लागतं. दवाखान्यात एक्स-रेचं मशीन, रिसेप्शनचा कॉम्प्युटर आणि पेशंटच्या नातेवाइकांचं वायफाय मध्ये आडभिंत नसलेल्या एकाच सपाट नेटवर्कवर टाकणारे आयटीआयवालेही बघितलेत आणि बीटेकवालेही.

एआयचं म्हणाल तर येऊ दे की. रॅकचं दार कुणीतरी उघडायचंच आहे.

पुण्यात_अडकलेला

मूळचा कडेगावचा, सध्या हिंजवडीत सॉकमध्ये आहे. सॉक म्हणजे जिथे बसून चोवीस तास कंपन्यांचे अलर्ट बघतात ती जागा. @आडवा_प्रश्न यांचा पहिला मुद्दा बरोबर आहे. पेनटेस्टिंगच्या जागा थोड्या आणि मागणारे उदंड. बहुतेकांची सुरुवात माझ्यासारखी एल-वनमधून, म्हणजे अलर्ट बघायच्या पहिल्या पायरीवरून होते.

काकू, रात्रपाळी आहे. खोटं कशाला सांगू? पाळ्या फिरत्या असतात. मुलींना घरापर्यंत कंपनीची गाडी असते, आमच्या टीममध्ये मुली आहेत आणि कामात कुणाला हार जात नाहीत. पण झोपेचं खोबरं होतं ते मुलगा-मुलगी बघून होत नाही. दोनेक वर्षांत पुढच्या पायरीवर गेलं की पाळ्या कमी होतात.

काम कसं असतं ते सांगतो. मध्यरात्र उलटून गेलेली, स्क्रीनवर अलर्ट पडतो की अमुक कर्मचाऱ्याच्या खात्यात पुण्यातून लॉगिन झालं आणि वीस मिनिटांनी दुसऱ्या देशातून. एवढ्या वेळात माणूस तिकडे पोचणं शक्य नाही. चोरी? दहातल्या नऊ वेळा त्याने व्हीपीएन चालू केलेलं असतं, ज्याने तो दुसऱ्याच ठिकाणाहून जोडल्यासारखा दिसतो. पण ते ठरवायचं कशावरून? तो आयपी पत्ता कुणाच्या नावावर आहे, त्याच सेशनमध्ये आधी काय झालं, मेलबॉक्समध्ये कुणी परस्पर फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवलाय का, हे बघायचं. टूल नुसतं बोट दाखवतं. निर्णय द्यायला आयपी (यंत्रांचे पत्ते), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), टीसीपी (दोन यंत्रांतली जोडणी) पोटात मुरलेलं लागतं.

हे काम वाढलंय त्याला कायदाही कारण आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. मग लॉग गोळा करायला यंत्रणा आली, आणि ते वाचायला माणसं आली.

इंटरव्ह्यूला अजूनही हमखास येणारा प्रश्न सांगून ठेवतो. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं, पान दिसेपर्यंत काय काय होतं? बहुतेक पोरं "सर्व्हरला रिक्वेस्ट जाते" म्हणून गप्प बसतात. जी मुलगी डीएनएसपासून सुरू करून सिन, सिन-ॲक, ॲक हे टीसीपी जोडणीचे तीन टप्पे, मग बोलणं कुलूपबंद करणारं टीएलएस, सर्टिफिकेट कोण तपासतं इथपर्यंत येईल, तिला शाखा कुठली होती हे कुणी विचारत नाही. उलट काही सरकारी जाहिरातींत पात्रतेपुढे कॉम्प्युटर किंवा आयटी असं शब्दशः छापलेलं असतं, तिथे वेगळ्या नावाच्या शाखेवाल्यांना समकक्ष असल्याचे कागद जोडत बसावं लागतं. पदवीनंतरही वाट बंद होत नाही. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सीडॅक या सरकारी संस्थेचा सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करता येतो, आमच्याकडे त्यातून आलेले बरेच आहेत.

फीचा_हिशेब

सगळे शाखेबद्दल बोलतायत, पैशाबद्दल कुणीच नाही. ताई, तुमचं उत्पन्न आणि प्रवर्ग विचारत नाही, पण हे बघून घ्या. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. आणि खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे ज्या बाईंचा रोज फोन येतो, त्यांच्याकडे बहुधा ही माफी चालणार नाही. त्यांनाच तोंडावर विचारा, आणि उत्तर मेलवर मागा. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

वालचंद १९४७ चं, कराडचं शासकीय १९६० चं. ही जुनी कॉलेजं मिळाली तर दुसरा विचार करू नका. तेवढे मार्क नसतील तर कॉलेज निवडताना एकदा लॅब बघून या. नेटवर्कच्या लॅबमध्ये खरे राउटर, स्विच आहेत का आणि त्यांवर धूळ किती आहे, एवढं बघितलं तरी पुरे.

गणितमास्तर_सातारा

मी साताऱ्यात बारावीला गणित शिकवतो. वरच्या तिसऱ्या वर्षाच्या चिरंजीवांनी इंटिग्रेशनला नाक मुरडलेलं वाचलं, म्हणून लिहितो. या क्षेत्रात गणित वाट अडवून बसलेलं नाही, कुलूपच गणिताचं आहे. मुलीला कागद-पेन्सिल घेऊन एवढं करायला सांगा.

दोन मूळ संख्या घ्या, ३ आणि ११. गुणाकार ३३. दोन्हींतून एकेक वजा करून गुणा, २ गुणिले १०, म्हणजे २०. आता अशा दोन संख्या हव्यात की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागलं तर बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतात, २१ होतात. ३३ आणि ३ ही जोडी चव्हाट्यावर मांडा, ७ लपवून ठेवा. मला तुम्हाला ४ हा आकडा गुपचूप कळवायचाय. मी ४ चा घन करतो, ६४, त्याला ३३ ने भागून बाकी ३१. हा ३१ मी उघड्या पोस्टकार्डावर पाठवला तरी हरकत नाही. तुम्ही ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागा. घाबरू नका, भागाकार ३३ ने आहे तेव्हा ३१ म्हणजे उणे २ च. उणे २ चा सातवा घात उणे १२८, त्यात १३२ मिळवा. ४ आले.

रिव्हेस्ट, शमीर, ॲडलमन यांनी १९७७ साली मांडलेली आरएसए ती हीच. ३३ चे अवयव पाचवीतलं पोरगं पाडेल. खऱ्या वापरात ती संख्या सहाशेहून जास्त अंकी असते आणि तिचे अवयव पाडायची व्यवहारात जमणारी रीत आजच्या कॉम्प्युटरांकडे नाही. सगळी भिस्त त्यावर.

हे करताना मुलीला मजा आली तर बिनधास्त पाठवा. कंटाळा आला, तरी नेटवर्कच्या बाजूला भरपूर काम आहे.

पतसंस्थेचा_सचिव

धागा वाचून राहवलं नाही. आपल्या भागात काम आहे का, याचं उत्तर मी देतो. काम आहे, माणूस मिळत नाही. आणि माणूस मिळाला तर त्याला परवडेल असा पगार आम्हाला देता येत नाही, हेही कबूल करतो.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी गेले, तेव्हा आमच्या संचालक मंडळाला पहिल्यांदा घाम फुटला. चोरांनी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेशेजारी आपली बनावट यंत्रणा उभी केली. कार्ड सरकवलं की खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न खऱ्या कोअर बँकिंगपर्यंत पोचायचाच नाही, मधल्यामध्ये 'आहेत, द्या' असं उत्तर जायचं. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आणि आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनही. दोनच दिवसांनी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. आमच्या एका संचालकांनी विचारलं, "पण आपल्याकडे तर अँटिव्हायरस आहे ना?"

तेव्हापासून आम्ही आणि शेजारच्या काही संस्था मिळून एकाच माणसाला वर्षाचं कंत्राट देतो. बॅकअप, फायरवॉल, कुणी कुठला पेनड्राइव्ह लावला, सगळं तोच बघतो. तुमची मुलगी पाच-सहा वर्षं पुण्यात अनुभव घेऊन परत आली आणि अशा आठ-दहा संस्था धरल्या, तर गावात राहून पोट भरेल. शिकून लगेच इथेच काम, असं मात्र धरू नका.

तिसऱ्या_वर्षाला

एक राहिलं. कॉलेजच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर प्रयोग करायचे नाहीत. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरलं की आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मी फक्त बघत होतो" हे कुणी ऐकून घेत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरात आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) दोन मशीन उभी करायची आणि त्यांच्यातच काय ती मारामारी लावायची.

तीच_ती

नमस्कार. मी ती लेक. आईचंच लॉगिन वापरत होते, आता स्वतःचं काढलं.

मास्तर सर, ३३ चं करून बघितलं, मग ५ आणि ११ घेऊन स्वतः केलं. आलं. मजा आली.

वायरशार्क घरच्याच वायफायवर लावला (घरचाच आहे, बाबांना विचारून). दोन गोष्टी कळल्या नाहीत. एक, सारखी एक ओळ येते, 'हू हॅज १९२.१६८.१.१? टेल १९२.१६८.१.७'. हे कोण कुणाला विचारतंय, आणि याचं उत्तर दुसऱ्याच कुणी दिलं तर? दुसरं, यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा जो मॅक पत्ता असतो, त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून कंपनी कळते असं वाचलं. राउटरची कळली, बाबांच्या फोनची कळत नाही. आणि बाबा यूट्यूब बघत होते तर त्यातलं मला काहीच का दिसलं नाही?

नेटवाला_मिरज

शाब्बास. दोन म्हणत तीन विचारलेस, आणि तिन्ही मुद्द्याचे.

ती ओळ एआरपीची. ७ नंबरचं यंत्र ओरडून विचारतंय, १ नंबर कुणाचा आहे, मला तुझा मॅक पत्ता सांग. १ नंबर म्हणजे तुमचा राउटर. आणि उत्तर दुसऱ्या कुणी दिलं तर? तेही खरं धरलं जातं! एआरपी १९८२ सालची, उत्तर देणाऱ्याची ओळख तपासायची सोयच तिच्यात नाही. "१ नंबर मीच" असं तिसऱ्याने ठोकून सांगितलं की ७ नंबरची रहदारी त्याच्यामार्फत जायला लागते. याला एआरपी स्पूफिंग म्हणतात. चांगल्या मॅनेज्ड स्विचमध्ये यावर उपाय असतो. यंत्रांना आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने कुणाला कुठला पत्ता दिला याची वही स्विच ठेवतो, आणि वहीशी न जुळणारं उत्तर पोर्टवरच अडवतो. पॅकेट ट्रेसरमध्ये आधी साधं एआरपी चालताना टप्प्याटप्प्याने बघ, म्हणजे हे डोक्यात बसेल.

बाबांच्या फोनचं. हल्लीचे फोन वायफायवर स्वतःचा खरा मॅक लपवून बनावट पत्ता घेतात. पत्त्यातला दुसरा अंक बघ. तो २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातला नाही, फोनने स्वतः बनवलेला आहे. आणि यूट्यूब दिसत नाही, कारण प्रत्येक यंत्राचं राउटरशी बोलणं वेगळ्या किल्लीने बंद होतं, आणि तुझं वायफाय कार्ड तुझ्यासाठी आलेलं आणि सगळ्यांसाठी ओरडलेलं एवढंच वर देतं. बाबांना सांग, निर्धास्त बघा.

आडवा_प्रश्न

पोरीचे प्रश्न बघून माझं निम्मं म्हणणं मागे घेतो. फीबद्दलचं निम्मं तसंच.

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. बाईंना मेलवर विचारलं, शुल्कमाफी बसेल का म्हणून. तेव्हापासून फोन बंद आहेत. काल बसून ऑप्शन फॉर्म भरला. वालचंद वर ठेवलंय, नशीब आजमावायला. मग कराड, मग जवळची, आणि सगळीकडे कॉम्प्युटर, आयटी याच क्रमाने. पुण्याची दोन कॉलेजं खाली आहेत, तीही कॅपमधलीच. लेक म्हणते, चालेल, पण सिक्युरिटीचं इलेक्टिव्ह कुठल्या कॉलेजात खरंच चालतं आणि कुठे नुसतं कागदावर आहे, ते तिथल्या पोरांना विचारून मगच क्रम पक्का करायचा. म्हणून फॉर्म अजून कन्फर्म केलेला नाही.

आता लॅपटॉप. दुकानदार गेमिंगचा गळ्यात मारतोय.

पुण्यात_अडकलेला

गेमिंगचा नको, ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाया जातील. १६ जीबी रॅम असू दे, ८ मध्ये दोन व्हर्च्युअल मशीन उघडली की लॅपटॉप गुडघे टेकतो. एसएसडी ५१२ जीबीची. आणि शक्यतो केबल लावायचं लॅनचं पोर्ट असलेला बघा. ते हल्ली गायब होत चाललंय, मग ॲडाप्टर घेऊन फिरावं लागतं.

नेटवाला_मिरज

ॲडाप्टर माझ्याकडे जुना पडून आहे, तो पाठवतो. लॅपटॉप घेतल्यावर विंडोज पुसून टाकू नकोस गं, कॉलेजच्या सबमिशनला लागतंच. लिनक्स व्हर्च्युअलबॉक्समध्ये टाक.